पाण्याले पाणी ओळखू द्या

"पाण्याले पाणी ओळखू द्या," असं म्हणून काका उजवा पंजा पालथा करायचे आणि हवेतच हळूहळू खाली न्यायचे, समोर तळं भरलेलं असल्यासारखं.

डायलिसिसच्या खोलीत तळं कुठून यायचं? माझ्या हातात त्यांच्या नळ्या असायच्या, दाराशी पुढचा पेशंट ताटकळत असायचा, आणि मी घाई केली की काकांचा तो पंजा खाली यायला लागायचा. मला त्याचा राग यायचा. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल. सगळं जग पळत असताना तो खुर्चीवर मांडी घालून बसतो आणि वर आपल्यालाच समजावतो.

मी भंडाऱ्यात डायलिसिस टेक्निशियन आहे. माणसाचं रक्त एका सुईतून बाहेर घ्यायचं, मशीनमधून गाळायचं आणि दुसऱ्या सुईतून परत आत सोडायचं, हे माझं काम. राहायला वरठीला. लोक मला सिस्टर म्हणतात आणि मी सिस्टर नाही हे सांगून सांगून माझं तोंड दुखलं. काकांनी त्यावर तोड काढली. पेशंट जास्त पाणी प्यायले की मी त्यांना फैलावर घेते, हे पाहून त्यांनी माझं नाव मास्तरीणबाई ठेवलं. आत आले की "जयभीम, मास्तरीणबाई" म्हणायचे. मी "रामराम, काका" म्हणायची. ते माझ्या घरचा नमस्कार घालायचे आणि मी त्यांच्या घरचा, हा आमचा शिरस्ताच पडला होता.

त्यांचं खरं नाव मी लिहीत नाही. त्यांना ते आवडणार नाही. "नाव लिवलं का लोक घरी येतेत, चहा करा लागते," असं ते एकदा म्हणाले होते.

गाव आंबागडच्या किल्ल्याच्या बाजूचं, धंदा मासोळीच्या बीजाचा. रोहू-कतल्याची अगदी बारकी पिल्लं आणायची, घरामागच्या टाक्यात बोटाएवढी करायची आणि पावसाळ्यात गावोगावच्या तळ्यांवर नेऊन द्यायची. मोठ्या प्लास्टिकच्या पिशवीत थोडं पाणी, त्यात पिल्लं, वर सिलिंडरमधून ऑक्सिजन भरून तोंड घट्ट बांधलेलं. पण तळ्यावर पोचलं की पिशवी फाडून ओतली असं नाही करायचं. बंद पिशवी तळ्यात तरंगत ठेवायची. आतलं पाणी बाहेरच्या पाण्याइतकं गार झालं की तोंड सोडायचं, तळ्याचं थोडं पाणी आत घ्यायचं, पुन्हा थांबायचं. मग पिशवी आडवी धरायची आणि पिल्लांना आपल्या मनानं बाहेर पडू द्यायचं. घाई केली तर पिल्लं दचकून मरतात. काकांचं ते वाक्य इथलं होतं आणि त्यांनी ते सगळ्या जगाला लावलं होतं.

एकदा उन्हात गाडी बंद पडून त्यांचं बीज अर्धमेलं झालं. तळ्यावर घेणारे घाई करत होते, सोडून द्या म्हणत होते. काकांनी ऐकलं नाही. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून त्यांनी एक जाळीची पेटी पाण्यात धरली, पिल्लं तिच्यात घेतली आणि हातानं त्यांच्यावरून पाणी वाहवत राहिले. जी पिल्लं सावरून प्रवाहाला तोंड करून उभी राहिली तेवढीच त्यांनी सोडली. बाकीची परत नेली आणि घरामागं पुरली. हे मला त्यांच्या बायकोनं सांगितलं. ती दर खेपेला त्यांच्यासोबत यायची, दाराजवळच्या बाकावर बसायची आणि सहसा बोलायची नाही.

आता हा माणूस, ज्याचा जन्म पाण्यात गेला, त्याला पाणी प्यायची बंदी. किडन्या गेल्यावर पाणी अंगातच साचतं, पाय सुजतात, छातीत भरतं. दिवसभरासाठी मी त्यांना एक लहान पेला ठरवून दिला होता. ते तो पेला घेऊन असे बसायचे की बघवायचं नाही. जीभ कोरडी पडलेली, ओठ फाटलेले, आणि नजर माझ्या पाण्याच्या बाटलीवर. शेवटी मी बाटली कपाटात ठेवायला लागले.

"घरामागं टाकं, गावापुढं तळं," ते म्हणायचे, "आन् घोटासाठी मास्तरीणबाईले पुसा लागते."

त्यांच्या डाव्या हातात सुया टोचण्यासाठी शीर जोडून घेतलेली होती. अशा शिरेवर बोट ठेवलं की आत थरथर जाणवते. नवा पेशंट घाबरलेला दिसला की काका त्याला बोलावून स्वतःचा हात पुढे करायचे. "हात लाव. मासोळी हाय आतमधी. जित्ती हाय तोवर आपणही जित्ते." त्या थरथरत्या हातानिशी ते तळ्यात उतरायचे याचा मला संताप यायचा. सुयांची भोकं, गढूळ पाणी, एखाद्या दिवशी विष पसरेल, हे मी हजारदा सांगितलं असेल. ते ऐकून घ्यायचे आणि जाऊन पुन्हा उतरायचे.

आमच्या खोलीत एक अलिखित नियम आहे. एखादी खुर्ची रिकामी दिसली तर कुणी कुणाला विचारत नाही. पेशंट मान वळवतात, आपापल्या मशीनकडे बघतात. कारण बहुतेक वेळा उत्तर एकच असतं.

नागपूरचे डॉक्टर आठवड्यातून एकदा आमच्याकडे यायचे. एका भेटीत त्यांनी काका-काकूंना समोर बसवलं. घरातल्या कुणाची किडनी जुळत नव्हती. मेंदू मेलेल्या माणसाची किडनी मिळण्यासाठी नाव लावता येत होतं, पण रांग लांब होती. डॉक्टर म्हणाले की वयस्क माणसाची किडनी घ्यायची तयारी असेल तर नंबर लवकर लागू शकतो. अशी किडनी थकलेली असते, बर्फातल्या प्रवासात आणखी मार खाते. म्हणून ते लोक आता एक नवीन करून पाहत होते. किडनी बर्फातून काढून मशीनवर चढवायची, तिच्यातून अंगाच्या उबेचं रक्त फिरवायचं आणि त्या रक्तातून स्टेम सेल, म्हणजे मूळ पेशी, सोडायच्या. त्या पेशींतून नवी किडनी उगवत नाही. किडनीची आतली दुखापत त्यांनी निववावी, तिनं सावरावं आणि मग ती माणसाला बसवावी, एवढीच आशा.

"त्या रक्तात ऑक्सिजन सोडता का?" काकांनी विचारलं.

डॉक्टर हो म्हणाले. काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू तो शोध त्यांच्याच टाक्यावर लागला होता. पण डॉक्टरांनी त्यांना तिथेच थांबवलं. पिल्लू सावरलं की नाही ते तुम्हाला डोळ्यांनी दिसतं, किडनीचं तसं नाही, असं ते म्हणाले. मशीनवर बरी दिसलेली किडनी पोटात गेल्यावर बंद पडू शकते. हे अजून शिकण्यातच आहे, मी शब्द देत नाही. मला ते डॉक्टर त्या दिवशी आवडले.

काकांनी मग एकच विचारलं. "तळ्यात उतरता येईन का?"

नाही, असं डॉक्टर म्हणाले. नवी किडनी शरीरानं परकी म्हणून फेकून देऊ नये यासाठी जन्मभर गोळ्या घ्याव्या लागतात. त्या गोळ्यांनी अंगातली लढायची ताकद कमी होते. तळ्याच्या पाण्यात काय काय असतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. मी तर कधीच परवानगी देणार नाही.

"मंग नाई," काका म्हणाले आणि उठले. काकू उठून त्यांच्या मागे गेली. मी तोंडात येईल ते बोलले. त्यांनी दारातून वळून पंजा खाली केला, आणि तेव्हा मला तो पंजा झटकून टाकावासा वाटला.

उन्हाळ्यात त्यांची तब्येत उतरली. पायाची सूज मांडीपर्यंत चढली. गादीवर आडवं झालं की दम लागायचा, म्हणून बसूनच झोपायचे. तरी तळं आटत आलं तसं जाळं ओढायला गेलेच. पाण्यातच त्यांचा श्वास अडकला. काकू पारेवर, म्हणजे तळ्याच्या बांधावर, होती. साडी खोचून ती आत धावली, त्यांना काखेत धरून बाहेर ओढलं आणि दुसऱ्याच्या गाडीत घालून थेट आमच्याकडे आणलं. दोघांच्या अंगावर चिखल सुकला होता. मी मशीन लावलं. त्यांच्या छातीतलं पाणी निघेपर्यंत मी खुर्चीजवळून हलले नाही.

त्या दिवशी काकू पहिल्यांदा खुर्चीजवळ आली.

"तुमी पाण्यात मराले निंगाले," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "मी पारेवर बसून काय पाहू? तुमाले तळं पायजे, मले तुमी पायजे. एकाचं तं राहू द्या."

 काका मला म्हणाले, "नागपूरवाल्याले फोन लावा, मास्तरीणबाई."

त्यांच्या गावाकडे फोन कधी लागतो, कधी नाही. म्हणून नाव लावताना दुसरा नंबर माझा दिला.

फोन आला तो पावसाळ्यात, माझ्या सुट्टीच्या दिवशी, भरदुपारी. किडनी आहे, एका म्हाताऱ्या गृहस्थांची, त्यांच्या घरच्यांनी दिली. मशीनवर चढवतोय. पेशंटला आत्ता निघायला सांगा, पोटात काही जाऊ देऊ नका. तुमचा माणूस लागला नाही तर पुढच्या नंबरच्या माणसाला बोलवावं लागेल.

काकांचा फोन बंद. काकूचा वाजेना. शेजाऱ्याकडून कळलं की दोघं पिकअपमध्ये बीज घेऊन मोहाडीच्या पुढच्या एका तळ्यावर गेलेत. मी स्कूटी काढली. रस्त्यावर धानाच्या रोवणीचे चिखलानं माखलेले ट्रॅक्टर, म्हशी, खड्डे, सगळं त्याच दिवशी आडवं यायचं होतं. खिशात फोन वाजत होता आणि थांबून उचलायची मला भीती वाटत होती, कारण दुसऱ्याला बोलावलं असं तिकडून ऐकावं लागलं असतं.

तळ्यावर पोचले तर पिशव्या पाण्यात तरंगत होत्या आणि काका छातीपर्यंत पाण्यात उभे. मी पारेवरून ओरडले. किडनी आली, निघा, गाडीत बसा. त्यांनी ऐकलं. अंग जरा ताठ झालेलं मला तिथून दिसलं. आणि मग त्यांनी पंजा पालथा केला.

"येतो. इतकं सोडून येतो."

तुम्ही तिथं असता तर काय केलं असतं मला माहीत नाही. मी चिडून रडले. पिशव्या फाडा, मरू द्या ती पिल्लं, असं म्हणाले. पुन्हा फोन वाजला. तिकडून विचारलं, निघाले का? मी निघाले म्हणून सांगितलं. समोर हा माणूस एका पिशवीचं तोंड सोडून तळ्याचं पाणी ओंजळीनं आत घालत होता. मी चपला काढून पाण्यात उतरायला निघाले, त्यांना धरून बाहेर ओढायला.

काकूनं माझा दंड पकडला.

"राहू द्या, बाई," ती म्हणाली. "शेवटचं हाय त्यायचं."

मी थांबले. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बीज तर काकूही सोडू शकली असती, गाडीवालाही. काका तळ्याचा निरोप घेत होते. शेवटची पिशवी आडवी धरून ते उभे राहिले, पिल्लं एकेक करून त्यांच्या हातांमधून निघून गेली, आणि पिशवीत काही उरलं नाही तरी त्यांनी ती जरा वेळ तशीच धरून ठेवली. मग ते बाहेर आले आणि ओल्या कपड्यांनिशी गाडीत बसले. मी स्कूटी तिथंच टाकली आणि त्यांच्यासोबत बसले.

गाडी नागपूरच्या वाटेला लागली. मागे रिकामं सिलिंडर खडखडत होतं. वरठी आलं, माझं घर मागे गेलं. काकांचा डावा हात काकूच्या मांडीवर होता आणि ती त्या थरथरत्या शिरेवर बोट ठेवून बसली होती.

दवाखान्यात पहारेकऱ्यानं आमच्या अंगाचा मासोळीचा वास घेऊन नाक मुरडलं. काकांना आत नेलं, तपासलं, आंघोळ घातली. डॉक्टर बाहेर येऊन खरं ते बोलले. किडनी आली तेव्हा डागाळलेली, फिकट होती. मशीनवर आहे, पेशी सोडल्यात, आता बघायचं. सावरली नाही तर मी ती बसवणार नाही, तुम्हाला परत जावं लागेल.

परत जावं लागेल. हे ऐकून मी खुर्ची घट्ट धरली. तळं तर सुटलं होतं, आता किडनीही गेली तर या माणसाकडे काय राहील? काकू एक रिकामी पिशवी मांडीवर घेऊन तिची घडी घालत होती, उलगडत होती, पुन्हा घालत होती. मला देवाला हात जोडायची सवय नाही. मी त्या किडनी दिलेल्या म्हाताऱ्या गृहस्थांना मनातल्या मनात म्हणत राहिले की बाबा, तुमची वस्तू आहे, तुम्हीच सांभाळा.

दिवे लागणीच्या सुमारास डॉक्टर पुन्हा आले. किडनीचा रंग परतला होता. मशीनवर तिच्यातून लघवीचे थेंब यायला लागले होते. घेतो आत, असं म्हणून ते वळले. काकूनं पदर तोंडात धरला.

एवढ्यावर सुटलो असतो तर बरं होतं. पोटात गेल्यावर किडनी गप्प झाली. दिवसामागून दिवस लघवीचा थेंब नाही. काकांना तिथंही डायलिसिसच लावावं लागलं. मी कामावरून रोज फोन करायची आणि काकू रोज एकच सांगायची, "नाई अजून." एकदा तिनं फोन काकांच्या कानाला लावला. आवाज खोल गेलेला.

"नवी हाय बिचारी," ते म्हणाले. "पाण्याले पाणी ओळखू द्या."

त्या वेळी मला राग आला नाही. फोन ठेवून मी कपाटाआड जाऊन रडले.

आमच्या खोलीत त्यांची खुर्ची रिकामी होती आणि नियमाप्रमाणे कुणी विचारत नव्हतं. मग एका सकाळी मी कुणाला तरी सुई लावत असताना काकूचा फोन आला. लाजत लाजत, हळू आवाजात ती म्हणाली, "बाई, त्यायले लघवी झाली. लय झाली." मी खोलीत मोठ्यानं सांगितलं. नियम मोडला. सुया टोचलेले हात हलवता येत नाहीत, म्हणून लोक नुसते हसले आणि एका म्हातारीनं मोकळ्या हातानं मांडीवर थाप मारली.

पेशींनी केलं, मशीननं केलं, की ती किडनी तशीही जागी झालीच असती? मी डॉक्टरांना विचारलं होतं. एका माणसावरून ते सांगता येत नाही, असं ते म्हणाले.

काका आमच्या खोलीत परत आले नाहीत. भेटायलाही नाही. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. त्यांच्या खुर्चीवर दुसरा माणूस बसतो आणि त्याच्याशी माझं अजून जमलेलं नाही. घाई झाली की माझाच पंजा पालथा होतो आणि मग मी तो खिशात घालते.

पुढच्या पावसाळ्यात मीच गेले. तळ्याच्या पारेवर छत्री धरून एक माणूस उभा होता, तोंडाला मास्क, पायात बंद बूट. मी आधी ओळखलंच नाही. "जयभीम, मास्तरीणबाई," म्हणाले तेव्हा ओळख पटली.

"पायता का?" असं विचारून त्यांनी पिशवीतून पाण्याची मोठी बाटली काढली, मास्क खाली केला आणि माझ्यासमोर ती एका दमात रिकामी केली. गळ्याची घाटी वरखाली होत होती. इतकी वर्षं मी ज्या माणसाला घोटाघोटासाठी रागावले, तो पाणी पीत होता आणि मी डोळे पुसत उभी होते.

खाली कमरेएवढ्या पाण्यात काकू होती. तिच्यापुढे पिशव्या तरंगत होत्या. तिनं एका पिशवीच्या गाठीला हात घातला, तसे काका पारेवरून म्हणाले, "थांब जराक. पाण्याले..."

"मले ठावं हाय," काकू वळून न बघता म्हणाली आणि गाठ सोडायची थांबली.

काका पारेवरून उतरून पाण्याच्या कडेला आले. बूट ओले होणार नाहीत इतक्या अंतरावर उकिडवे बसले. काकूनं पिशवी आडवी केली. पिल्लं बाहेर पडायला लागली तसा त्यांनी उजवा पंजा पालथा करून पुढे नेला, खाली नेला आणि पाण्यापासून वीतभर वर थांबवला. शेवटचं पिल्लू जाईपर्यंत तो हात तसाच होता, कोरडा.